घड्याळातील हिरा : आतला आणि बाहेरचा

आम्हा धान्याच्या व्यापाऱ्यांना खड्याचे कौतुक असण्याचे काही कारण नाही. तुरीच्या डाळीत खडा निघाला की गिऱ्हाईक पोते परत पाठविते आणि हरभऱ्यात खडे सापडले की आडत्याची अब्रू जाते. जन्मभर खडे वेचून बाहेर टाकण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याने खड्याची स्तुती करण्यास लेखणी उचलावी हे पाहून उस्मानगंजातील माझे सहव्यापारी हसतील. तथापि एक यंत्र असे आहे की, ज्यात खडा असणे हेच उत्तम मालाचे लक्षण मानले जाते. ते यंत्र म्हणजे घड्याळ. स्मरणिकेसाठी काही लिहावे अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली तेव्हा याच विषयावर चार शब्द लिहावेत असे मनाने घेतले. कारण या लहानशा खड्याने मला, उतारवयात का होईना, एक मोठा धडा शिकविला आहे.

आमच्या घरी तीर्थरूप वडिलांचे एक जुने, इंग्रजी बनावटीचे, चांदीच्या डबीचे खिशातले घड्याळ आहे. काही वर्षांपूर्वी ते बंद पडले म्हणून पत्थरगट्टीच्या बाजूस बसणाऱ्या एका वृद्ध घडीसाजाकडे मी ते नेले. त्यांनी मागचे झाकण उघडले, डोळ्याला भिंग लावून बराच वेळ निरखून पाहिले आणि मग ते भिंग माझ्या हाती देऊन मलाही आत पाहावयास सांगितले. नक्षीदार पितळी पट्टीच्या मध्यावर, पोलादी कोंदणात, राईच्या दाण्याएवढा एक खडा चमकत होता. "सेठसाब, हीरा है," ते म्हणाले. मी विचारले, "अंदर कायकू लगाए? अंदर कौन देखता?" त्यावर ते हसून म्हणाले, "ये पत्थर दिखाने का नहीं, चलाने का है."

दाखविण्याचा खडा आणि चालविण्याचा खडा, हा भेद त्या गृहस्थांनी मला एका वाक्यात सांगितला. तो पुरतेपणी कळावयास मात्र मला पुढे पुष्कळ किंमत मोजावी लागली. ती हकीकत पुढे येईलच. प्रथम हा आतला हिरा काय काम करतो ते पाहू.

चावीच्या घड्याळात एक लहानसे चाक अहोरात्र उजवीकडे-डावीकडे झोके घेत असते. त्यास तोलचाक म्हणावे. वेळेचा सारा हिशेब या चाकाच्या झोक्यांवर चालतो. पुष्कळशा जुन्या मनगटी घड्याळांत त्याचे तासाला १८,००० झोके होतात, म्हणजे सेकंदाला पाच. दिवसाचा हिशेब मांडला तर ४,३२,००० होतात आणि वर्षाचा मांडला तर पंधरा कोटींच्या वर जातात. या चाकाच्या आसाची टोके एक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाइतकी बारीक असतात. घड्याळ आडवे ठेवले की सर्व चाकाचा भार एकाच टोकावर येतो. ते टोक ज्यावर टेकते ती जागा नुसत्या पितळेची असेल, तर थोड्याच काळात तिला खळगा पडतो, धातूचा कीस तेलात मिसळतो, तेल दाट होते आणि घड्याळ मागे पडू लागते. तराजूचा अनुभव असलेल्या आपल्या सभासदांना हे निराळे सांगावयास नको. दांडीच्या मध्यावरील धार झिजली की काटा आळसावतो आणि मग मापात कितीही सचोटी ठेवली तरी तोल खोटाच येतो.

हिरा तेथे कामास येतो तो त्याच्या अंगच्या गुणांमुळे. काठिण्याच्या मापात त्याचा क्रमांक दहावा, म्हणजे सर्वोच्च. माणिक आणि नीलम हे दोघे सख्खे भाऊ, त्यांचा क्रमांक नववा. नऊ आणि दहा यांत एकाच पायरीचे अंतर दिसते, परंतु प्रत्यक्ष कठीणपणात हिरा माणकाच्या कित्येक पट पुढे आहे. त्यावर आरशासारखी झिलई चढते आणि ती टिकते, म्हणून त्यावर फिरणाऱ्या पोलादी टोकास अडथळा फार थोडा होतो. त्यावर आम्लाचा परिणाम होत नाही आणि गंज चढण्याचा तर प्रश्नच नाही. उष्णता वाहून नेण्यात तो तांब्यालाही सुमारे पाचपट मागे टाकतो. इतके सर्व गुण ज्याच्या ठायी आहेत तो पदार्थ मुळात आहे तरी काय, तर निव्वळ कार्बन! स्मिथसन टेनंट या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १७९७ साली हिरा जाळून हे सिद्ध केले. आपल्या शेगडीतील कोळशाचे आणि हिऱ्याचे गोत्र एकच. भेद केवळ अणूंच्या रचनेचा. मनुष्याचेही असेच आहे. कूळ एक असूनही घडण निराळी असली की मोल निराळे होते.

परंतु हिऱ्याचा एक दोषही सांगितला पाहिजे. खरा हिरा घणाखाली फुटत नाही अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. ती चुकीची आहे. हिरा ओरखड्यास दाद देत नाही, पण विशिष्ट दिशेने आघात झाला की तो दुभंगतो. पैलू पाडणारे कारागीर पूर्वापार याच गुणाचा उपयोग करीत आले आहेत. तेव्हा घणाने हिऱ्याची परीक्षा करू पाहणारा परीक्षाही गमावतो आणि हिराही.

घड्याळात रत्नाचा उपयोग करण्याची युक्ती १७०४ सालची. निकोलस फातिओ या स्विस गणितज्ञाने दबोफ्र नावाच्या दोन घड्याळजी बंधूंच्या साहाय्याने माणकाला सूक्ष्म छिद्र पाडून त्यात घड्याळाचा आस बसविण्याचे पेटंट लंडनमध्ये घेतले. माणकाला छिद्र पाडावयाचे तर त्याहून कठीण वस्तू हवी. ती म्हणजे हिऱ्याची पूड. आणि त्या काळी युरोपात हिरा जात होता तो मुख्यत्वे आपल्या देशातून. ब्राझीलमध्ये हिऱ्याचा शोध लागला तो त्यानंतर सुमारे वीस वर्षांनी. म्हणजे त्या पहिल्या छिद्रांस जी पूड लागली, ती बहुधा आपल्याच मातीतून गेलेली असावी. गोवळकोंड्याचा हिरा म्हणून जगभर नाव झाले, परंतु गोवळकोंड्यास खाण नव्हती; खाणी कृष्णाकाठच्या कोल्लूरसारख्या ठिकाणी होत्या आणि गोवळकोंडा ही त्यांची पेठ होती. नाव खाणीचे न होता पेठेचे झाले, ही आम्हा व्यापाऱ्यांस अभिमान वाटण्यासारखीच गोष्ट आहे.

त्या पेठेत पत कशी सांभाळली जात असे, याचे एक वर्णन ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने आपल्या १६७६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवृत्तात केले आहे. खाणीच्या गावी वाण्यांची दहा ते सोळा वर्षांची मुले झाडाखाली बसत. प्रत्येकाजवळ हिरे तोलण्याची वजने आणि पैशाची थैली असे. कोणी हिरा विकावयास आणला की तो प्रथम त्यांतील सर्वांत मोठ्या मुलाच्या हाती जाई. तो पाहून झाला की शेजारच्याकडे आणि मग त्याच्या शेजारच्याकडे, असा निःशब्दपणे सर्वांच्या हातून फिरून पुन्हा पहिल्याकडे येई. मग तो भाव करी. संध्याकाळी नफ्याची वाटणी होई, वडील मुलास किंचित अधिक. सोळा वर्षांच्या पोराच्या शब्दावर हिऱ्याचा सौदा व्हावा, ही त्या काळची पत! आज आपल्या मुलांच्या हाती आपण काय देतो, याचा विचार प्रत्येकाने आपापल्या घरी करावा.

इंग्लंडात हिऱ्याला घड्याळात सर्वांत मोठे काम मिळाले ते जॉन हॅरिसनच्या हातून. समुद्रात जहाज पूर्वेस किंवा पश्चिमेस किती गेले हे कळावयाचे तर बंदरातील अचूक वेळ जहाजावर माहीत असावी लागते. ती दाखविणारे घड्याळ नसल्याने जहाजे खडकांवर आपटून शेकडो माणसे बुडत. १७१४ साली इंग्रज सरकारने या प्रश्नाच्या उत्तरासाठी वीस हजार पौंडांपर्यंत बक्षीस जाहीर केले. हॅरिसन हा मूळचा सुतार. त्याने १७५९ साली पुरे केलेल्या चौथ्या सागरी घड्याळात, चाकाचा एकेक दात सोडणारे जे दोन चिमुकले पट्टे असतात, ते हिऱ्याचे केले होते. १७६१-६२ साली हे घड्याळ जहाजावरून जमैकास गेले, तेव्हा त्या दीर्घ प्रवासात त्याची चूक अवघी पाच सेकंदांच्या आसपास भरली. त्या दोन हिऱ्यांना ना कोंदणाची शोभा होती, ना कोणाची दृष्टी त्यांच्यावर पडत होती. परंतु त्या मार्गाने जी विद्या पुढे गेली तिने अगणित खलाशांचे प्राण वाचविले. अभयदानाचे माहात्म्य सांगणाऱ्या आपल्या समाजाने या दोन खड्यांस आदराने स्मरावे.

हिऱ्याला छिद्र पाडणे आणि घासणे फार कष्टाचे, म्हणून घड्याळात तो आसाच्या टोकाखालील टेकूपुरताच अधिक वापरला गेला. छिद्राचे खडे माणकाचे असत. पुढे १९०२ साली ऑग्युस्त व्हर्नय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने भट्टीत माणिक बनविण्याची रीत प्रसिद्ध केली. तेव्हापासून घड्याळातील खडे कृत्रिम माणकाचे झाले आणि सामान्य माणसाच्या मनगटावर उत्तम घड्याळ आले. १९६१ साली एच. एम. टी.ने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगलोरास घड्याळांचा कारखाना काढला. आपल्या हैदराबादेतही ऑल्विनने सायकोच्या सहकार्याने घड्याळे केली. एच. एम. टी.चे 'जनता' घड्याळ आणि त्याचे सतरा खडे आपल्या पिढीस चांगले आठवतात. हे सतरा खडे कोणते? चार तोलचाकाच्या आसास, एक त्यास धक्का देण्याच्या जागी, दोन दात सोडणाऱ्या पट्ट्यांस, दोन त्या पट्ट्यांच्या आसास आणि उरलेले आठ चार चाकांना प्रत्येकी दोन. एकही खडा रिकामा बसलेला नाही.

आणि येथेच व्यापारातील खोट शिरली. खडे जितके अधिक तितके घड्याळ उत्तम, अशी गिऱ्हाइकाची समजूत झाली. ती पाहून काही कारखानदारांनी जेथे काही काम नाही तेथेही खडे बसविले. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील वॉल्थम या नावाने शंभर खड्यांचे घड्याळ निघाले. त्यांतील सतरा कामाचे आणि त्र्याऐंशी शोभेचे होते. शेवटी १९७४ साली आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने नियम केला की, कामाचे नसलेले खडे मोजणीत धरता कामा नयेत. आपल्या तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत मापातील कमीअधिकपणा आणि एका वस्तूच्या नावाने दुसरी देणे हे दोन्ही येतात. जे १९७४ साली जगाला नियम करून सांगावे लागले, ते आपल्या आचार्यांनी श्रावकांस कितीतरी शतकांपूर्वी बजावून ठेवले आहे.

आता माझी हकीकत. सुमारे दहा वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या कन्येचा विवाह ठरला. व्याह्यांकडून तोंडाने मागणी अशी काही नव्हती. "मुलाला घड्याळ तेवढे चांगले द्या" एवढाच शब्द आला. मी शहरातील एका भपकेबाज दुकानातून, तासांच्या आकड्यांऐवजी बारा हिरे बसविलेले घड्याळ घेतले. किंमत येथे लिहिण्यास लाज वाटते. साखरपुड्याच्या दिवशी ते चांदीच्या ताटात ठेवून सर्व मंडळींतून फिरविले, आणि लोकांनी माना डोलाविल्या तेव्हा मला धन्यता वाटली. दीड वर्षात ते घड्याळ बंद पडले. जावईबापू सुज्ञ, गाजावाजा न करता त्यांनी ते मजकडे आणून दिले. मी ते त्याच वृद्ध घडीसाजांकडे नेले. त्यांनी उघडून पाहिले आणि सांगितले की, तबकडीवरचे खडे खरे आहेत, परंतु आतले यंत्र बाजारात काही शे रुपयांस मिळते त्यातले आहे. बाहेर बारा हिरे होते आणि आत भार उचलण्यास कोणी नव्हते!

पैसे गेल्याचे दुःख मी गिळले असते. परंतु गोष्ट तेथे संपली नाही. पुढच्याच वर्षी आमच्या नात्यातील एका लहान किराणा दुकानदाराच्या मुलीचा साखरपुडा ठरला. त्याच्याकडे वरपक्षाने घड्याळाची विचारणा केली, ती माझ्या ताटातील घड्याळाचा दाखला देऊन. त्याने दुकानातील माल तारण ठेवला, व्याजाने रक्कम काढली आणि तसलेच घड्याळ दिले. ते कर्ज फिटावयास त्यास दोन दिवाळ्या लागल्या. त्याने मला एका शब्दाने दोष दिला नाही. तो देत नाही, म्हणूनच मला तो अधिक लागतो. मोठ्या दुकानदाराची हौस ही लहान दुकानदाराच्या गळ्यातील धोंड होते, हे मला त्या दिवशी कळले.

यावर आपल्यातील जवाहिरे बंधू म्हणतील की, शेटजी, आमच्या धंद्यावर का उठलात? तसा माझा मुळीच हेतू नाही. हिऱ्याच्या व्यापारात आपल्या समाजाने सचोटीने नाव कमाविले आहे आणि आज जगातील बहुतांश हिऱ्यांना सुरतेत पैलू पडतात. हजारो घरांच्या चुली त्यावर चालतात. ज्याला अलंकार हवा त्याने अलंकार म्हणून तो घ्यावा, पावती व प्रमाणपत्र घेऊन घ्यावा. माझा आक्षेप आहे तो घड्याळाच्या नावाने अलंकार आणि प्रेमाच्या नावाने प्रतिष्ठा विकत घेण्यावर. कोणी म्हणतील, ही गुंतवणूक आहे. परंतु तबकडीवरील बारीक हिरे मोडीत काढू गेल्यास हाती फारसे काही येत नाही, हे स्वतः जवाहिरेच खाजगीत सांगतात.

हिऱ्यास नुसते मिरविण्याचेच काम आहे असेही नाही. आपल्या शहरातील निजाम उस्मान अली खान यांनी १८४.७५ कॅरटचा जेकब हिरा कागदांवर वजन म्हणून वापरला, ही कथा सांगून लोक हसतात. मला मात्र तीत थोडे शहाणपणही दिसते. निदान त्या हिऱ्याला काहीतरी काम होते. १९९५ साली भारत सरकारने निजामांचे जडजवाहीर विकत घेतले आणि २००१ व २००६ साली सालारजंग संग्रहालयात ते मांडले, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी तो हिरा पाहिला. त्याच संग्रहालयात दर तासाला ठोके देणारा बाहुला असलेले मोठे घड्याळ आहे आणि त्याच्यासमोर रोज गर्दी जमते. ती जमते त्या घड्याळाच्या चालण्यामुळे; त्यावर हिरे आहेत की नाहीत, हे कोणी विचारीत नाही.

आजही घड्याळाच्या कारखान्यात हिरा राबतोच आहे. काट्यांच्या चकचकीत कडा हिऱ्याच्या हत्याराने कापल्या जातात. केसासारख्या बारीक स्प्रिंगेची तार हिऱ्याच्या छिद्रातून ओढतात. नीलमाची म्हणून जी काच मिळते, ती म्हणजे कृत्रिम नीलमच. तीही हिऱ्यानेच घासावी लागते. (म्हणून भगिनींनी हिऱ्याची अंगठी घड्याळाच्या काचेस लागू देऊ नये; हिरा तिच्यावरही ओरखडा काढू शकतो.) या शतकात तर स्विस कारागिरांनी सिलिकॉनच्या भागांवर हिऱ्याचा सूक्ष्म थर चढवून तेलाविना चालणारी यंत्रे केली आहेत. तो हिरा प्रयोगशाळेत तयार होतो आणि तोही खरा हिराच असतो. मात्र तो विकताना तसे स्पष्ट सांगितले पाहिजे. नुसत्या डोळ्याने किंवा साध्या यंत्राने हा भेद कळत नाही, म्हणून येथे विक्रेत्याच्या जिभेवरच सर्व भिस्त आहे.

तेव्हा आपल्या संघाने पुढील वार्षिक सभेत तीन गोष्टींचा विचार करावा अशी माझी नम्र सूचना आहे. पहिली, सभासदांच्या घरच्या मंगलकार्यात हिरेजडित घड्याळ देऊ नये व घेऊ नये, आणि देणीघेणी ताटात घालून फिरविण्याची चाल बंद करावी. आरंभ ज्यांची ऐपत आहे त्यांनी करावा. गरिबाने न देण्यात त्याची लाज दिसते, श्रीमंताने न देण्यात समाजाची रीत होते. दुसरी, घड्याळ घेताना आतले यंत्र कोणाचे, खडे किती व ते कामाचे आहेत काय, आणि दुरुस्ती येथे होते काय, हे प्रश्न विचारावेत. हिऱ्याचा प्रश्न शेवटी. तिसरी, आपल्यातील जे बंधू रत्नांचा व्यापार करतात त्यांनी खाणीचा खडा कोणता आणि प्रयोगशाळेचा कोणता, हे पावतीवर लिहून देण्याचा नियम संघाच्या वतीने स्वतःस लावून घ्यावा.

वडिलांचे घड्याळ घडीसाजांनी साफ करून दिले. आतला हिरा त्यांनी काढून, पुसून पुन्हा त्याच जागी बसविला. त्यावर झिजेची खूण नव्हती. वडील सामायिकास बसताना हे घड्याळ समोर ठेवीत आणि अठ्ठेचाळीस मिनिटे पुरी झाल्याविना उठत नसत. आता मीही ते तसेच समोर ठेवतो. त्याचे झाकण बंद असते. हिरा दिसत नाही. वेळ मात्र बरोबर कळते.

जय जिनेंद्र.